गरम झाली की बंद, गार झाली की सुरू: जुन्या मोटरसायकलचा दोष जागेवरच धरा

तक्रार ठरलेली असते. सकाळी गाडी एका किकला सुरू होते. गावात दिवसभर फिरते, काही कुरकुर नाही. मग रविवारी कोल्हापुरातून मागं कुणाला बसवून पन्हाळ्याला किंवा जोतिबाला निघालं की वीस-पंचवीस मिनिटांत, नेमकी चढाला लागल्यावर, बंद. किक मारून मारून पोटरी भरून येते, गाडी ढिम्म. सावलीला उभी करून ऊसाचा रस पिऊन आलं की पहिल्या किकला सुरू. मिस्त्रीकडं नेली तर तिथं ती तासभर तक्रार न करता चालते. मिस्त्री प्लग बदलतो, कार्बोरेटर धुतो, पुढच्या रविवारी गाडी पुन्हा त्याच वळणावर थांबते.

यात मिस्त्रीचा दोष थोडाच. गाडी बंद आहे तेवढाच वेळ बिघाड हजर असतो, गार झाली की पळाला. त्यामुळं गॅरेजमध्ये अंदाजानं पार्ट बदलण्यापेक्षा, बंद पडल्या जागी पहिल्या पाच मिनिटांत काय बघायचं हे माहीत असलेलं बरं. खाली लिहिलंय ते कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी: सीडी १००, स्प्लेंडर, बॉक्सर, जुनी पल्सर, आरएक्स १००, बुलेट, येझदी, राजदूत. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ इंजेक्शनच्या गाड्यांचं तंत्र वेगळं, त्यांना हे लागू नाही.

डिकीत किंवा सीटखाली एवढं सामान असू द्या: प्लग पाना, गॅप लावलेला एक जादा प्लग, दहा नंबरचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, हातभर पेट्रोल पाइप, पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली आणि सुती फडकं. प्लग म्हणजे दोन प्लेट मिसळीच्या पैशाची वस्तू. तो जादा प्लग नुसता स्पेअर नाही, तुमचं तपासणीचं हत्यारच आहे.

बंद कशी पडली ते आधी आठवा

पाना काढण्याआधी एक प्रश्न. गाडी फट्कन बंद पडली, की दम तोडत?

चालत्या गाडीची चावी फिरवल्यासारखं इंजिन एका क्षणात गेलं तर नव्वद टक्के भानगड करंटची, म्हणजे प्लगच्या ठिणगीची. कॉईल, सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), वायरिंग, स्विच. याउलट आधी पिकअप गेला, गाडी गचके खायला लागली, एक्सलेटर वाढवला की आणखीच मान टाकली आणि शंभर-दोनशे मीटरवर जाऊन थांबली, तर पेट्रोल पोचत नाही. तिसरा प्रकार: रस्त्यावर उत्तम पळते आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला एक्सलेटर सोडला की मरते. तो आयडलिंगचा दोष, त्याचं पुढं बघू. चौथा, लोकांच्या सहसा ध्यानात न येणारा: चढाला ताकद हळूहळू कमी होत गेली आणि बंद पडल्यावर किक नेहमीपेक्षा हलकी लागते. तिथं व्हॉल्व्हकडं वळायचं.

पहिली पाच मिनिटं

टाकीचं झाकण उघडा. कान जवळ ठेवा. फुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच दोन-चार किकला गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला लागते. ती आली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. रस पिऊन येईपर्यंत हवा फटीतून हळूहळू शिरते, म्हणून ‘गार झाल्यावर सुरू होते’ असा गैरसमज होतो. गार होण्याचा यात काही संबंध नाही. टाकीवर रेक्झिनचं कव्हर घट्ट चढवलेलं असेल तर आधी त्याच्याकडं बघा. झाकणावर आलेली त्याची घडी भोक बुजवते. झाकण खोलून केरोसीननं धुवा, बारीक तार घाला, हवा मारा. तोंडानं फुंकून हवा जाते का पाहा.

झाकणानं काही झालं नाही तर करंट. इथं बहुतेक जण एक चूक करतात: गरम इंजिनमधला प्लग काढायला जातात. बोटं भाजतात ते सोडा, ॲल्युमिनियमच्या हेडमधून तापलेला प्लग ओढला की आटे येतात, आणि मग हेड उतरवून लेथवर नवीन बुश बसवायचं काम निघतं. मूळ प्लग जागेवरच राहू द्या. नुसती कॅप काढा, जादा प्लग तिच्यात घाला, त्याचं लोखंडी अंग हेडच्या उघड्या नटला घट्ट टेकवा, चावी चालू करून जोरात किक मारा. मूळ प्लग जागेवर असल्यानं सिलिंडरमधून पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही, म्हणजे ठिणगीनं पेट घ्यायची धास्तीही नाही. हात कॅपच्या रबरावर ठेवा, धातूवर नको, नाहीतर झटका बसेल. एप्रिलच्या उन्हात ठिणगी दिसत नाही. अंगानं सावली करा आणि आवाजही ऐका. चांगली ठिणगी निळसर-पांढरी असते आणि टक् टक् वाजते. पिवळी-तांबडी, बारीक, कधी येणारी कधी न येणारी ठिणगी म्हणजे नसल्यासारखीच. उघड्यावर उडणारी कमजोर ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली उडेलच असं नाही.

जादा प्लगला ठणठणीत करंट आला तर आता मूळ प्लग काढा. फडक्यानं धरून, हळू. त्याचं टोक पाहा. ओलं आणि पेट्रोलचा वास येतोय म्हणजे पेट्रोल पोचतंय. प्लगच गेलाय किंवा इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. जादा प्लग लावा, चोक बंद, एक्सलेटर पूर्ण उघडा, सहा-सात किक मारा. कोरडं ठाक असेल तर पेट्रोलच्या रस्त्याला लागा. प्लग परत बसवताना हातानं शेवटपर्यंत फिरवा, मग नवीन प्लग असेल तर पान्यानं अर्धा फेरा, जुना असेल तर जेमतेम अष्टमांश. बहुतेक शंभर सीसीच्या गाड्यांना गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागतो.

आणि एक, गरम गाडी बंद पडल्यावर चोक ओढून किक मारत सुटू नका. निम्म्या गाड्या मूळ दोषानं नाही, या चोकानं सुरू होत नाहीत.

पेट्रोल पोचत नाही

साधा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी, लिटरला ६० देणारी गाडी तासाला एक लिटर पेट्रोल पिते. मिनिटाला झाले सतरा मिलिलिटर, म्हणजे तीन-साडेतीन चमचे. चढाला थोडं जास्त धरा. टाकीखालच्या कॉकमधून येणारी धार याच्या कितीतरी पट असायला हवी. कार्बोरेटरचा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉक उघडा, एका मिनिटात निदान शंभर-सव्वाशे मिलिलिटर सहज भरायला पाहिजे. पण एकच मिनिट पाहून समाधान मानू नका. झाकण बंद ठेवून तीन-चार मिनिटं धार बघत राहा. सुरुवातीला जोरात येऊन हळूहळू बारीक होत थेंबावर आली तर पुन्हा झाकणच. पहिल्यापासून बारीक असेल तर कॉकची जाळी. मेनवर बारीक आणि रिझर्व्हवर बरी, असं असेल तर कॉकचं मेनचं भोक तुंबलंय किंवा टाकीत तुम्हाला वाटतं तेवढं पेट्रोल नाही. हे गरम इंजिनपासून लांब करा. विडी-काडी करणाऱ्याला बाजूला व्हायला सांगा.

कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइपही हातात घेऊन पाहा. लांब झालेला पाइप वळसा घेऊन इंजिनला टेकतो, गरम झाला की मऊ पडून चेंबतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत उतार सलग हवा, मध्ये वर चढलेली कमान नको. बाजारात मिळणारा मोठा पारदर्शक फिल्टर हौसेनं बसवलेला असतो; टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये वीतभरच उंचीचा फरक, त्यात तो आडवा पडला की हवा धरून बसतो. त्रास फिल्टर बसवल्यानंतर सुरू झाला असेल तर आधी तो काढून बघा.

‘पेट्रोल उकळलं’, ‘वाफ धरली’ हे निदान रस्त्यावरचा प्रत्येक जाणकार देतो. हवेनं गार होणाऱ्या, टाकीतून उतारानं पेट्रोल येणाऱ्या आपल्या मोटरसायकलींत ते फार क्वचित खरं असतं. शंभरातल्या पाचांना ते लागू, उरलेल्यांचं झाकण नाहीतर कॉईल.

कार्बोरेटरच्या वाटीला तळाशी एक स्क्रू असतो. बाटली खाली धरून तो सैल करा. काहीच आलं नाही तर वाटी कोरडी, पेट्रोल निडलपर्यंत (वाटीत पेट्रोल सोडणारी-अडवणारी सुई) येऊन अडलंय. वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं दोन हलके टोले द्या, अडकलेली निडल कधीकधी सुटते. आलं तर ते बाटलीत दोन मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, किंवा पाऱ्यासारखे गोळे फिरताना दिसले, की पाणी.

पाण्याचा विषय आता पूर्वीपेक्षा नाजूक आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच भागातल्या उसाचं का असेना, जुनी गाडी त्याच्यासाठी बांधलेली नाही. इथेनॉल ओल ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, मर्यादेपलीकडं गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात, आणि कॉक तळातूनच ओढतो. महिनाभर पावसात उभी राहिलेली, अर्धी टाकी रिकामी असलेली गाडी हमखास असं करते. दुसरं, जुन्या रबराला ते सोसत नाही: पाइप फुगतो नाहीतर कडक होतो, फ्लोट निडलचं रबरी टोक सुजून अडकतं. तिसरं, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गंज आणि चिकटा ते सोडवतं आणि सगळं जाळीवर आणून टाकतं. त्यामुळं जुन्या गाडीची जाळी आणि पाइप वर्षाला एकदा बघायची वस्तू झाली आहे. टाकीत गंजाचा चुरा असेल तर नुसता कार्बोरेटर धुऊन काही होणार नाही. टाकी उतरवा, मूठभर स्वच्छ नट आणि लिटरभर केरोसीन घालून हलवा, धुवा, उन्हात पूर्ण वाळवा.

करंट जातो: गरम कॉईलचा खेळ

फट्कन बंद, ठिणगी नाही, पंधरा मिनिटांनी ठिणगी हजर. या दुखण्याचं कारण बहुतेक वेळा तांब्याची तार असते. कॉईलमध्ये केसासारख्या तारेचे शेकडो वेढे. आत कुठंतरी तार तुटलेली, पण टोकं एकमेकांना चिकटलेली. गरम झाली की सगळं प्रसरण पावतं, टोकं सुटतात. गार झालं की परत चिकटतात. किंवा तारेवरचं इनॅमल जळालेलं असतं आणि गरमीत वेढे एकमेकांत शॉर्ट होतात. बाहेरून कॉईल नव्यासारखी दिसते.

जुन्या सीडी १०० किंवा स्प्लेंडरसारख्या गाडीत करंट मॅग्नेटमधून (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणारं चुंबकाचं चाक) येतो, बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही. बॅटरी काढून ठेवली तरी गाडी चालते. म्हणून तिथं ‘बॅटरी बदला’ हा सल्ला फुकट. पल्सरसारख्या डीसी सीडीआयच्या गाड्यांत मात्र उलट, बॅटरी मेली की ठिणगी मेली. आपली गाडी कुठल्या जातीची आहे एवढं आधी विचारून ठेवा.

मॅग्नेटच्या गाडीत संशयित चार: मॅग्नेटमधली एक्सायटर कॉईल (सीडीआयला वीज देणारी), तिथलीच पिकअप कॉईल (ठिणगीची वेळ कळवणारी), सीडीआयचा डबा, टाकीखालची हायटेन्शन कॉईल (प्लगला मोठ्या दाबाची वीज देणारी). पण त्यांच्याकडं जायच्या आधी फुकटातली एक तपासणी. होंडा बनावटीच्या गाड्यांत सीडीआयला एक काळी-पांढरी वायर येते. चावी बंद केली की स्विच ती वायर अर्थ करतो आणि इंजिन थांबतं. स्विचमध्ये पाणी किंवा घाण गेली, अगर हँडलच्या मानेपाशी वायर सोलली गेली, तर चावी चालू असूनही ती अर्थ होते. सीडीआयचा कपलर (वायरींचा जोड) काढून तेवढी वायर वेगळी करा, किक मारा. ठिणगी आली तर कॉईल सगळ्या निर्दोष, स्विच गुन्हेगार. घरी न्यायला गाडी तशीच चालवता येते, फक्त चावीनं ती बंद होणार नाही: थांबवताना टॉप गिअर, ब्रेक, आणि क्लच हळू सोडायचा.

तीही वेगळी केली आणि ठिणगी नाहीच? मग ओल्या फडक्याचा प्रयोग. फडकं भिजवून पिळून घ्या, टाकीखालच्या हायटेन्शन कॉईलवर गुंडाळा, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा ठिणगी बघा. परत आली तर चोर सापडला. नाही आली तर तेच फडकं सीडीआयच्या डब्यावर, कपलरमध्ये पाणी जाऊ न देता. मॅग्नेट आत, इंजिनच्या उष्णतेत आणि तेलाच्या शेजारी, म्हणून त्याच्यावर फडक्याचा परिणाम यायला फार वेळ लागतो. बाटलीभर गार पाणी इंजिनवर ओतण्याचा उद्योग मात्र करू नका, तापलेल्या हेडला तडा जाऊ शकतो.

मल्टीमीटर असेल तर काम पक्कं होतं. घरी, गाडी गार असताना, सीडीआयचा कपलर काढून काळी-तांबडी वायर ते हिरवी, ही एक्सायटरची, आणि निळी-पिवळी ते हिरवी, ही पिकअपची, अशी दोन मापं घ्या आणि साइड कव्हरच्या आत मार्करनं लिहून ठेवा. आकडा गाडीगणिक वेगळा. आपल्याला हवाय तो फरक. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो; ३० अंशांना १०० ओहम दाखवणारी कॉईल १०० अंशांना १२७-१२८ दाखवेल, आणि ते रीतसर आहे. बंद पडल्या जागी त्याच वायरींवर १६०-१७० दिसले, आकडा नाचायला लागला, किंवा मीटरनं तार तुटल्याची खूण दाखवली, तर ती कॉईल संपली. उलट आकडा गारपेक्षा खाली आला तर आत वेढे शॉर्ट झालेत. प्लग कॅपही मोजा: रेझिस्टर असलेल्या कॅपचं माप ५ किलोओहमच्या आसपास येतं. कॅप फिरवून काढा, हायटेन्शन वायरचं काळं पडलेलं टोक पाच मिलिमीटर कापून परत फिरवून बसवा. एवढ्यानं बऱ्या झालेल्या गाड्या काही कमी नाहीत.

मॅग्नेट कॉईल नवीन मिळत असेल तर नवीन घ्या. जुन्या येझदी-राजदूतची मिळत नाही म्हणून वाइंडिंग करून घ्यायची वेळ येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते काम करणारे हात आहेत. सांगताना एवढंच सांगा की तार उष्णता सोसणाऱ्या इनॅमलची वापरा आणि वार्निश नीट भाजा. पंख्याच्या मोटरची साधी तार मॅग्नेटमध्ये एक उन्हाळा टिकत नाही.

वायरिंगसाठी सोपी चाचणी: गाडी आयडलला ठेवा, हँडल डावीकडं पूर्ण, मग उजवीकडं पूर्ण. आवाज बदलला किंवा इंजिन गेलं तर मानेपाशी वायर तुटायला आलीय. मग एक-एक कपलर हातानं हलवा. हिरवी बुरशी आलेले टर्मिनल झिरो पेपरनं घासा. हिरव्या वायरचा फ्रेमला बसणारा अर्थाचा स्क्रू रंग खरवडून घट्ट करा.

बुलेट, येझदी, राजदूत: पॉइंटवाल्या

इथं सीडीआय नाही. कॉन्टॅक्ट पॉइंट (करंट जोडणारी-तोडणारी टोकं) आणि त्यांच्यावरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर. गरम झाल्यावर मिसिंग, मग बंद, हा कंडेन्सरचा आवडता नखरा. पॉइंटचं झाकण उघडून अंधारात किक मारा. पॉइंट उघडताना बारीक निळसर ठिणगी चालते. जाड पिवळी ज्योत उठत असेल आणि एका पॉइंटवर खड्डा, दुसऱ्यावर उंचवटा आला असेल, तर कंडेन्सर बदला. तो चांगल्या प्रतीचा घ्या आणि एक जादा ठेवा, कारण नवीनही पहिल्याच दिवशी मेलेला निघतो.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फायबरची टाच झिजत जाते तसा गॅप मिटत जातो, टायमिंग मागं पडतं, इंजिन जास्त तापतं, आणि एक दिवस पॉइंट उघडतच नाहीत. टाचेखालच्या कॅमला बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावा, जास्त नको, ते उडून पॉइंटवर बसतं. घासून झाल्यावर पॉइंटमधून कोरा जाड कागद ओढून घ्या.

बुलेटला हेडलाइटजवळ ॲम्पिअर मीटर आहे, तो शोभेचा नाही. चावी लावून किक हातानं सावकाश दाबा: पॉइंट मिटले की काटा वजाकडं झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही तर एकतर करंट येत नाही (फ्यूज, बॅटरीचं टर्मिनल, स्विच) किंवा पॉइंट मिटत नाहीत. काटा वजाकडंच अडकून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठंतरी शॉर्ट आहे. पाना न लावता अर्धं निदान झालं.

किक हलकी लागते

ठिणगी ठीक, प्लग ओला, तरी सुरू नाही. किक हातानं दाबून बघा. नेहमीचा दाब लागत नसेल तर कॉम्प्रेशन गेलंय, आणि गार झाल्यावर परत येत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचे स्क्रू) घट्ट आहेत. व्हॉल्व्हची दांडी तापून लांब होते. टॅपेटमध्ये तेवढी सैल जागा नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, दाब निसटतो.

हे बहुतेकदा मालकच ओढवून घेतो. ‘टॅपेट वाजतात, जरा आवाज बंद करा’ म्हणून मिस्त्रीच्या मागं लागायचं, त्यानं वैतागून घट्ट करून द्यायचे. वाजणाऱ्या टॅपेटनं गाडी बंद पडत नाही, घट्ट टॅपेटनं पडते, आणि तशीच चालवली की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. सेटिंग इंजिन पूर्ण गार असताना, रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी. मॅग्नेटची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवा, दोन्ही रॉकर हातानं किंचित हलतात याची खात्री करा. हलत नसतील तर एक पूर्ण फेरा फिरवा. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांचं माप ०.०५ ते ०.१० मिलिमीटरमध्ये येतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलात असतो. फीलर गेजचं पान किंचित अडत सरकलं पाहिजे. चेक नट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना माप हमखास सरकतं.

गार असतानाही किक हलकी असेल तर रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्ह. मग हेड उतरवायचंच.

फक्त सिग्नलला बंद पडते

कार्बोरेटरमधला स्लो जेट (आयडलला पेट्रोल देणारी बारीक पितळी नळी) तुंबलाय. त्याचं भोक सुईच्या टोकाहून बारीक. कार्बोरेटर खोलून क्लीनर मारा, हवा द्या, उजेडाकडं धरून आरपार दिसतंय का बघा. पिन किंवा स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ, भोक मोठं झालं की ॲव्हरेज कायमचा गेला. वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा चालतो. एअर स्क्रू हलक्या हातानं शेवटपर्यंत बंद करून दीड ते दोन फेरे उघडा, गरम इंजिनवर आयडल १४०० च्या आसपास ठेवा.

जेट स्वच्छ असूनही आयडल वरखाली होत असेल तर कार्बोरेटर आणि हेडमधल्या रबराला चीर गेलीय किंवा ओ-रिंग कडक झालीय. चालू इंजिनवर त्या सांध्याला साबणाचं पाणी लावा. आवाज बदलला की तिथून हवा ओढतेय.

पावसात आणि पुरानंतर

गगनबावड्याच्या रस्त्याला पावसात बंद पडणारी आणि घरी कोरडी होऊन सुरू होणारी गाडी: प्लग कॅप, हायटेन्शन वायरची भेग, चावीचा स्विच, याच क्रमानं. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरवर पाण्याचा फवारा मारा, करंट कुठून पळतो ते डोळ्यांनी दिसतं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं वेगळं. पुरातून काढलेल्या गाडीला किक मारायची नाही. प्लग काढा, ऑइल काढा (चहासारखं आलं तर पाणी मिसळलंय), एअर फिल्टर, वाटी, टाकी सगळं रिकामं करा, प्लगच्या भोकात अर्धा चमचा ऑइल सोडा आणि मग हळू फिरवा. स्वस्त ऑइल भरून पाच मिनिटं चालवून तेही फेका. अशा गाडीचे कपलर पुढं वर्ष-दोन वर्षं आतून गंजत राहतात. पुरातली म्हणून सेकंडहँड घेतलेल्या गाडीला करंटचा त्रास असेल तर कॉईलच्या आधी प्रत्येक कपलर उघडा.

आरएक्स आणि बाकी टू-स्ट्रोक

व्हॉल्व्हच नाहीत, पण कार्बन आहे. प्लगच्या गॅपमध्ये कार्बनचा केस अडकला की क्षणात बंद. पुसला की सुरू. सायलेन्सरची आतली नळी तुंबली की गरमीत दम कोंडतो. ती काढून भाजून साफ करा. मॅग्नेटकडचं क्रँक ऑइल सील गेलं तर जादा हवा शिरते, एक्सलेटर सोडल्यावरही रेस खाली येत नाही. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर निघतो. पहिल्या प्रकारात गाडी चालवत राहिलात तर पिस्टन पकडेल. बंद पडल्यावर किक खालीच जात नसेल तर जोर लावू नका, अर्धा तास थांबा आणि टेम्पोत घालून आणा.

दुरुस्ती खरी झाली का

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कॉईल आणि कार्बोरेटर एकाच दिवशी केलं की काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि काढलेल्या कॉईलपैकी चांगली कुठली तेही नाही. मग त्याच हालात परीक्षा घ्या: दुपारचं ऊन, मागं माणूस, टाकी अर्धी, झाकण बंद, पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळाच्या पुढचा चढ सेकंड-थर्डमध्ये. वर पोचल्यावर गाडी लगेच बंद करू नका. पाच मिनिटं आयडलला ठेवा, मग बंद करा आणि तीन मिनिटांनी किक मारा. बंद केल्यावर वारा लागत नाही, त्यामुळं कॉईल आणि कार्बोरेटर याच तीन-चार मिनिटांत सगळ्यात जास्त तापतात. असं तीन वेळा. तिन्ही वेळा चोक न ओढता दोन किकच्या आत सुरू झाली तर काढलेला जुना पार्ट भंगारात टाका. तोवर तो डिकीत राहू द्या.